पहिली पाळी सुटली की चेटकिणी येतात

अंबरनाथ एमआयडीसीत दुपारी पहिली पाळी सुटते तेव्हा आनंदनगरच्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसती धांदल असते. पॅकिंगच्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळून, डब्याची पिशवी सावरत शेअर रिक्षात जागा धरतात. स्टेशनवरची लोकल चुकली की पुढची मिळेपर्यंत घरचा स्वयंपाक लांबतो. पुरुष मंडळी टपरीवर कटिंग मारत रविवारच्या बॉक्स क्रिकेटच्या टीमा पाडत असतात. आता या गर्दीतल्या बारा मुली निवडा, त्यांना रोज पाळी सुटल्यावर कोर्टवर उभं करा आणि दहा वर्षांनी ऑलिम्पिकचं सुवर्ण घरी आणा. थाप वाटली? हे घडलंय, आणि तेही एका सूतगिरणीत.

महिला व्हॉलीबॉलमधल्या अव्वल खेळाडूंच्या कारकिर्दी चाळायला बसलं की एक गंमत लक्षात येते. क्रिकेटर मंडळाचा असतो, फुटबॉलर क्लबचा, टेनिसपटू स्वतःच्या खिशाचा. व्हॉलीबॉलवाली बाई मात्र बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या मस्टरवर सापडते. औषधं, विमा, तंबाखू, सुटे भाग, साबण, बँक असं सगळं काही त्यात आहे. म्हणून ही चटपटीत जंत्री एमआयडीसीच्या रस्त्यावर उभं राहूनच वाचावी.

जन्मच मुळी गिरणीच्या गावात

१८९५. अमेरिकेतलं होलिओक. कागदगिरण्यांचं गाव, म्हणून टोपणनावच ‘पेपर सिटी’. तिथल्या वायएमसीएत व्यायाम शिकवणाऱ्या विल्यम मॉर्गनपुढे अडचण अशी की, शेजारच्या स्प्रिंगफिल्डमध्ये चार वर्षांपूर्वी जन्मलेला बास्केटबॉल पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांना झेपत नव्हता. धक्काबुक्की नको, पळापळ नको, पण घाम तर यायला हवा. त्याने मधे जाळी बांधली आणि खेळाला ‘मिंटोनेट’ असं नाजूक नाव दिलं. ते फार काळ टिकलं नाही. जाळीची उंची होती साडेसहा फूट.

थोडक्यात, आज बायका ज्या खेळात सव्वातीन मीटरवरून चेंडू खाली आपटतात, तो निघाला होता शेटजींना दमायला होऊ नये म्हणून.

सूतगिरणीतल्या पोरी

आता मुख्य कथा. ओसाकाजवळच्या काइझुका इथे निचिबो या कंपनीची सूतगिरणी होती. १९५४ मध्ये तिथे मुलींचा संघ उभा राहिला. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु, हाही कंपनीचाच नोकर. त्याचा भूतकाळ आपल्याला जवळचा आहे: दुसऱ्या महायुद्धात जपानी फौज इंफाळवर चालून आली आणि उपासमारीनं, रोगराईनं हजारोंनी मेली, त्या मोहिमेतून जिवंत परतलेला हा माणूस. पावसात, चिखलात माणसाचं शरीर कुठवर तग धरतं ते त्यानं मणिपूरच्या डोंगरात पाहिलं होतं. ते गणित त्यानं पुढे गिरणीतल्या पोरींवर वापरलं, असं त्याचे टीकाकार म्हणत. मला ते टीकाकार अगदीच चुकीचे वाटत नाहीत.

दिनक्रम असा. सकाळी मुली गिरणीच्या कचेरीत कामावर. दुपारनंतर कोर्टवर. तिथून सुटका रात्री बारापर्यंत, कधी त्याही पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर हजर. ओव्हरटाइम नाही, कॉम्प ऑफ नाही. आपल्याकडे डबल ड्युटी मारणारे बरेच असतात, पण इथे दुसरी ड्युटी म्हणजे जमिनीवर लोळणं होतं, आणि हे शब्दशः घ्यायचं. दाइमात्सुनं एक नवी युक्ती बसवली होती. चेंडू अंगापासून लांब पडतोय असं दिसलं की त्याच्याकडे झेपावायचं, तो उचलायचा, पडतापडताच खांद्यावरून कोलांटी घ्यायची आणि त्याच झोकात पायावर उभं राहायचं. पाडली तरी उभी राहणारी जपानी बाहुली असते, तिच्यावरून हे सुचलं असं सांगतात. एकदा-दोनदा मजा वाटेल. दाइमात्सु मात्र चेंडूमागून चेंडू फेकत राही, डावीकडे, उजवीकडे, मुद्दाम हाताला लागणार नाही इतका लांब. हात-खांदे काळेनिळे, कोपरं सोललेली. या कोलांटीचा हिशेब साधा होता: प्रतिस्पर्धी उंच आहेत, जाळीवर आपण कमी पडणार, तेव्हा चेंडू जमिनीला टेकूच द्यायचा नाही. समोरच्या उंच बाया मारून मारून थकल्या पाहिजेत.

१९६१ मध्ये हा संघ युरोपात गेला आणि एकही सामना न हरता परतला. सोव्हिएत वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं, ‘पूर्वेच्या चेटकिणी’. पुढच्या वर्षी मॉस्कोत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तोवर महिलांचं हे पद सोव्हिएत संघाशिवाय कुणाकडे गेलंच नव्हतं. चेटकिणींनी ते त्यांच्या घरात घुसून काढून घेतलं. साल १९६२. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपल्याकडे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, जन्माला आलं होतं. योगायोग आहे, पण चांगला आहे.

पंतप्रधानांनी जमवलेलं लग्न

मॉस्को जिंकल्यावर मुलींना थांबायचं होतं. वयं वाढत होती, घरचे स्थळं बघत होते. पण १९६४ चं ऑलिम्पिक टोकियोत आणि व्हॉलीबॉल पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये. महिलांचा सांघिक चेंडूखेळ ऑलिम्पिकमध्ये येण्याचीही ही पहिलीच वेळ. हॉकी, बास्केटबॉल, हँडबॉल, फुटबॉल या बायकांच्या सगळ्या स्पर्धा नंतर आल्या. देशभरातून आर्जवं सुरू झाली आणि पोरी पुन्हा कोलांट्या घेऊ लागल्या.

ऐन वेळी उत्तर कोरियानं माघार घेतली. संघ उरले पाच. जपाननं धावपळ करून दक्षिण कोरियाला बोलावलं आणि सहाचा आकडा पुरा केला. स्वतःच्या लग्नाला पाहुणे कमी पडू नयेत म्हणून यजमान धडपडला, असंच ते प्रकरण.

जपानी संघातल्या बारापैकी दहा जणी एकाच गिरणीच्या. कर्णधार मासाए कासाई तेव्हा ३१ वर्षांची. २३ ऑक्टोबर १९६४ ला सोव्हिएत संघाशी सामना झाला. १५-११, १५-८ आणि तिसऱ्या सेटमध्ये १५-१३. शेवटचा गुण कुणाच्या झणझणीत स्मॅशवर आला नाही. सोव्हिएत खेळाडूचा हात जाळीपलीकडे गेला, पंचांनी ओव्हरनेट दिला, संपलं. जपानात त्या रात्री ६६.८ टक्के टीव्ही प्रेक्षकसंख्या नोंदली गेली. खेळाच्या प्रक्षेपणात हा आकडा तिथे अजून कुणाला मोडता आलेला नाही.

आणि कासाईचं लग्न? खेळापायी ते राहून गेलं हे सगळ्या देशाला माहीत होतं. पंतप्रधान एइसाकू सातो यांनी स्वतः लक्ष घालून संरक्षण दलातला एक अधिकारी सुचवला आणि १९६५ मध्ये लग्न लागलं. आपल्याकडे आमदार लग्नाला येऊन अक्षता टाकून जातात. पंतप्रधानाने स्थळ आणल्याचं उदाहरण शोधावं लागेल. दाइमात्सु पुढे १९६८ मध्ये खासदार झाला.

निचिबोचा संघ सलग २५८ सामने जिंकला. १९६६ मध्ये ही मालिका तुटली. तोडणारा संघ कुणाचा, तर यशिकाचा. होय, कॅमेरेवाली यशिका. सुतावर कॅमेरा भारी पडला.

ब्रँड बघा, संघ ओळखा

जपानात हा रिवाज पुढेही चालू राहिला. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये जपाननं एकही सेट न गमावता सुवर्ण घेतलं, तेव्हा संघाचा कणा हिताचीच्या मुलींचा होता. निचिबोचा वारसा नाव बदलत बदलत २००० मध्ये तोरे या कापड-रसायन कंपनीकडे गेला. एनईसीचा संघ आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सोचा आहे. जपान टोबॅकोचा आहे. सिगारेट विकणाऱ्या कंपनीनं मुलींच्या फुप्फुसांची काळजी वाहावी, यातला विनोद जपान्यांनाही कळत असणारच. पण माझा आवडता संघ हिसामित्सु. ही कंपनी दुखऱ्या सांध्यांवर लावायच्या सॅलोनपास पट्ट्या बनवते. व्हॉलीबॉलवालीच्या खांद्याला आणि गुडघ्याला याहून योग्य मालक मिळणार नाही.

कोरियात विमा कंपनीचा संघ आहे, पेट्रोलवाल्यांचा आहे, बांधकामवाल्यांचा आहे, बँकेचा आहे. एक तर चक्क महामार्ग महामंडळाचा. म्हणजे आपल्या टोलनाक्यांवाल्यांनी मुलींची टीम काढावी तसं.

ब्राझीलमध्ये अनेक वर्षं गाजलेल्या संघाचं नाव होतं रेक्सोना. तोच तो, आपल्या आईच्या मोरीतल्या साबणाचा ब्रँड. इटलीत कोनेल्यानोच्या संघाच्या नावात प्रोसेको वाइन आहे. या संघानं सलग ७६ सामने जिंकून इस्तंबूलच्या वाकिफबँकचा ७३ चा विश्वविक्रम मोडला. वाकिफबँक म्हणजे नावाप्रमाणे सरकारी बँक. तिच्याच शहरातला हाडवैरी संघ एज्झाजीबाशी, तो औषध कंपनीचा. बँक विरुद्ध औषधं. या सामन्याची तिकिटं संपतात.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात औषधांच्या, रसायनांच्या, इंजिनिअरिंगच्या कंपन्या मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. म्हणजे इस्तंबूल, ओसाका आणि सोल यांच्या लीगला लागणारा सगळा कच्चा माल एका रिक्षाच्या भाड्यात आहे.

उंची हवीच का?

महिलांची जाळी २.२४ मीटरवर, म्हणजे सात फूट चार इंच. पुरुषांची २.४३. चेंडू दोघांचा एकच, २६० ते २८० ग्रॅमचा. त्यामुळे पहिला प्रश्न उंचीचाच येतो, आणि बहुतेक घरांत तिथेच विषय संपतो: ‘आमची पोरगी बुटकी आहे हो.’

तर मग योशिए ताकेशिता. उंची १५९ सेंटिमीटर. आपल्या लेडीज डब्यात ती उभी राहिली तर वरचा हँडल धरायला तिलाही टाचा उंचवाव्या लागतील. जपानचा संघ २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला पात्रच ठरला नाही, तेव्हा खापर हिच्या उंचीवर फुटलं: एवढीशी सेटर असल्यावर दुसरं काय होणार! २००२ मध्ये तिनं खेळणंच थांबवलं. मग जपान टोबॅकोनं बोलावलं, ती परत आली. २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडली गेली ती ताकेशिता. २०१२ मध्ये लंडनला तिच्या हातून सेट झालेल्या चेंडूंवर जपाननं ब्राँझ घेतलं.

दुसरं उदाहरण क्युबाचं. मिरेया लुईस, उंची १७५, म्हणजे जागतिक पातळीवर ठेंगणीच. पण उडी अशी की हात ३.३९ मीटरवर पोचायचा, अकरा फुटांच्या वर. १९८६ मध्ये तिला मुलगी झाली आणि महिना व्हायच्या आत ती प्रागमध्ये जागतिक स्पर्धा खेळत होती. याचं कौतुक करावं की ज्यांनी तिला पाठवलं त्यांना जाब विचारावा, हे अजून माझं ठरत नाही. पुढे तिच्या क्युबानं १९९२, १९९६ आणि २००० अशी ओळीनं तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेतली. पहिल्या सुवर्णाच्या वेळी संघात रेग्ला टोरेस ही १७ वर्षांची मुलगी होती. पुढे तिला शतकातली सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं.

आणि कोरियाची किम येऊन-कुंग. आज १९२ सेंटिमीटर. शाळेत मात्र बुटकी म्हणून मागे राहिलेली. स्मॅश मारायला कोण देणार? म्हणून चेंडू उचलणं, सेट करणं, अंडरहँड पास देणं असली हमालीची कामं तिच्या वाट्याला आली. मग अचानक ती ताडमाड वाढली. उंच मुलीला जे सहसा येत नाही ते सगळं तिला आधीच येत होतं, आणि आता स्मॅशही होता. २०१२ च्या लंडनमध्ये तिनं २०७ गुण घेतले. कोरिया चौथा आला, पदक नाही, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच. चौथ्या क्रमांकाच्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळणं म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनीही हात जोडणं.

बुटक्यांसाठी नियमानंही १९९८ मध्ये दार उघडलं. लिबेरो आली: वेगळ्या रंगाचा शर्ट, काम फक्त मागच्या फळीत चेंडू वाचवायचं, जाळीच्या उंचीवरून मारायला बंदी. निचिबोच्या पोरी जे सहा जणी मिळून करत होत्या, त्याची आता स्वतंत्र नोकरीच झाली.

बाकी सहा जणींचं पाळीसारखं असतं. सर्व्हिस परत मिळाली की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा सरकायचं. आज जाळीवर तोरा मिरवणारी उद्या मागे जाऊन झाडू मारल्यासारखी वाकणार. फर्स्ट, सेकंड, नाइट. एमआयडीसीतल्या कुणालाही हा नियम दोनदा समजावून सांगावा लागत नाही.

हातोडा, मग मास्तरीण

चीनच्या लँग पिंगचं टोपणनाव ‘लोखंडी हातोडा’. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेला हरवून सुवर्ण घेतलं. पुढे ती प्रशिक्षक झाली, आणि कुणाची? अमेरिकेची! २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये चिनी प्रेक्षकांसमोर तिच्या अमेरिकन मुलींनी चीनला हरवलं आणि शेवटी रौप्य घेतलं. गावातली पोरगी सासरच्या बाजूनं उभी राहावी तसा प्रसंग, पण टाळ्या तिला तरीही पडल्या. मग ती घरी परतली. २०१६ च्या रिओत चीन साखळीतच तीन सामने हरला होता, तरी सुवर्ण घेऊन आला. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी व्हॉलीबॉलमधली ती पहिली.

त्या रिओ संघाची तोफ होती झू टिंग. हेनान प्रांतातल्या शेतकरी घरातली, पाच बहिणींतली तिसरी. पुढे तिला इस्तंबूलच्या त्या वाकिफबँकनं नेलं.

पेरूची गोष्ट चटका लावते. १९८८, सोल, अंतिम सामना सोव्हिएत संघाशी. पेरू दोन सेटनं पुढे. सुवर्ण हातात आलेलं, आणि सामना ३-२ नं गेला. प्रशिक्षक मॅन बोक पार्क मूळचा कोरियाचाच, म्हणजे हरला तोही माहेरच्या अंगणात. पण पेरूनं त्या मुलींना डोक्यावर घेतलं. सेसिलिया टेट आणि गॅब्रिएला पेरेस देल सोलार या दोघी पुढे निवडून येऊन देशाच्या संसदेत बसल्या.

जरा थांबून

फ्लो हायमन. अमेरिकेची, १९८४ च्या रौप्यविजेत्या संघातली, उंची सव्वासहा फुटांहून जास्त. पुढे ती जपानात दाइएइ या सुपरमार्केट कंपनीच्या संघाकडून खेळू लागली. २४ जानेवारी १९८६ ला मात्सुए शहरात सामना चालू होता. तिला बदली करून बाहेर बसवलं. बाकावर बसल्या बसल्या ती कोसळली, आणि गेली. वय ३१. आधी वाटलं हृदयविकाराचा झटका. शवविच्छेदनात कळलं की हृदयातून निघणारी महाधमनी फाटली होती. कारण मार्फान सिंड्रोम: शरीरातल्या जोडणाऱ्या उती कमकुवत असतात, माणूस उंच होतो, हात-बोटं लांबसडक होतात. म्हणजे ज्या अंगकाठीमुळे तिला संघात घेतलं, तिच्यातच दुखणं लपलेलं होतं. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तेच निघालं, वेळेवर शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला.

शाळेच्या पटांगणावर उंच, सडपातळ, लांब बोटांची मुलगी दिसली की पीटीचे सर खूश होतात. व्हावंच. एकदा तिच्या हृदयाचा इकोही काढून घ्यावा.

बोला, तिकीट दाखवा

आता आपल्याकडे. भारतात अव्वल महिला व्हॉलीबॉलपटूचा मालक कोण? कंपनी नाही, रेल्वे. राष्ट्रीय स्पर्धेच्या महिला गटात वर्षानुवर्षं अंतिम सामना म्हणजे रेल्वे विरुद्ध केरळ, हे जवळजवळ छापील कार्यक्रमपत्रिकेसारखं. केरळात वीज मंडळाचा मुलींचा संघ आहे आणि पोलिसांचाही. अर्जुन पुरस्काराच्या यादीत १९७५ ला के. सी. एलम्मा आणि १९८४ ला सॅली जोसेफ ही नावं आहेत. दोघीही केरळच्या. महाराष्ट्राकडे येईतो यादी विरळ होते, तरी अलीकडच्या काळात भारतीय संघाच्या जर्सीवर प्रियांका खेडकर हे मराठी आडनाव झळकलं.

मार्ग ठरलेला. शालेय स्पर्धा, मग जिल्हा, मग राज्य. एकदा नॅशनल खेळलं की सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात, कारण त्यावर दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण मिळतात. नशीब असेल तर बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं ते संकुल. मग रेल्वेची ट्रायल. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के राखीव जागा आहेत, तो दुसरा रस्ता. आईबापांच्या डोळ्यांपुढे ऑलिम्पिक नसतं, असतो तो नेमणुकीचा कागद. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. कासाईलाही पगार गिरणीच देत होती.

रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेल्यांना बऱ्याचदा तिकीट तपासणीचं किंवा कारकुनाचं काम मिळतं. महेंद्रसिंग धोनी खरगपूरला तिकीट तपासनीस होता, हे सगळ्या देशाला पाठ आहे. तेव्हा लेडीज डब्यात पांढरा शर्ट, काळा कोट घातलेली उंच टीसी दिसली, तर पास काढताना तिच्या खांद्यांकडे एकदा बघून घ्या. अर्थात पास नसेल तर बघूनही उपयोग नाही.

पदकं? दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी २०१६ ला गुवाहाटीत आणि २०१९ ला काठमांडूत सुवर्ण घेतलं. काठमांडूचा अंतिम सामना नेपाळशी होता आणि पाच सेटपर्यंत गेला. नेपाळमध्ये व्हॉलीबॉल हा २०१७ पासून राष्ट्रीय खेळ आहे. त्यामुळे कंपनीच्या गेटवर नाइट करणाऱ्या नेपाळी भाऊंशी क्रिकेटवर बोलून वेळ घालवू नका. व्हॉलीबॉलचा विषय काढा, मग बघा कसे खुलतात ते.

९२,००३

हा आकडा फक्त वाचा. ३० ऑगस्ट २०२३ ला अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठानं मुलींचा व्हॉलीबॉल सामना फुटबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये भरवला आणि ९२,००३ माणसं आली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या अंबरनाथची वस्ती अडीच लाखांच्या घरात होती. म्हणजे तीन अंबरनाथकरांपैकी एकाहून जास्त माणसं, पोरींचा कॉलेजचा सामना बघायला, तिकीट काढून.

आणि जूनची स्लिप

मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात कंपन्यांच्या संघांची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. कबड्डीचे व्यावसायिक संघ गिरण्या, बँका, रेल्वे आणि मोटार कंपन्या यांच्या जिवावरच उभे राहिले. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या कबड्डीपासून नाटकांपर्यंत स्पर्धा घेत आलं आहे. तुमच्या जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या स्लिपवर ‘एलडब्ल्यूएफ’ असं लिहून काही रुपये कापलेले असतात ना, ते याच कामगार कल्याण निधीचे. आपल्या खिशातून गेलेल्या पैशावर कुठली केंद्रं चालतात, कुठल्या स्पर्धा होतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. एचआरला विचारलं तर त्यांनाही बघून सांगावं लागतं.

तेव्हा कंपनीनं मुलींचा व्हॉलीबॉल संघ काढायचा म्हटलं, तर जागेची अडचण सांगू नका. कोर्ट १८ बाय ९ मीटर. भोवती निदान तीन मीटर मोकळी जागा सोडली की २४ बाय १५, एकूण ३६० चौरस मीटर. एमआयडीसीत माल उतरवायला थांबलेले चार-पाच कंटेनर आणि त्यांना वळायला लागणारी जागा मोजली, तर हिशेब तिथेच येईल. टर्फ लागत नाही, फ्लडलाइट नंतर बघता येतात, रोलर फिरवलेली मुरमाची जमीन चालते. जाळी साडेनऊ ते दहा मीटर लांब, एक मीटर रुंद. खांब २.५५ मीटर उंच, बाजूच्या रेघेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर, आणि फॅब्रिकेशनवाला तर दर दुसऱ्या गाळ्यात आहे. त्याला फक्त एक सांगून ठेवा. सवयीनं तो जाळीची कडी २.४३ वर धरून पक्की वेल्डिंग मारून मोकळा होईल. तसं करू देऊ नका, खाली २.२४ वरही एक कडी मारून घ्या.